होडी ट्रॉलीवरून जमिनीवर उतरवताना : डागडुजीपूर्वी घ्यावयाची काळजी

मे महिना संपत आला की अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव आणि खाडीपलीकडे उत्तन या किनाऱ्यांवर होड्या वर ओढण्याची लगबग सुरू होते. केंद्र शासनाने २०१५ साली पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदीचा काळ वाढवून तो १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा केला. समुद्र बंद असतो त्या दिवसांतच होडीची डागडुजी, रंगरंगोटी आणि इंजिनाची कामे उरकावी लागतात. मोठ्या नौका गोदीत किंवा खाडीच्या कडेला चढवल्या जातात. मात्र वीस ते सव्वीस फुटांच्या फायबरच्या लहान होड्या अलीकडे चाकांच्या ट्रॉलीवर घेऊन ट्रॅक्टरने ओढून आणल्या जातात.

ट्रॉलीमुळे होडी घराच्या अंगणापर्यंत येऊ शकते, ही मोठीच सोय झाली. परंतु तळाचे काम करायचे तर होडी ट्रॉलीवरून उतरवून टेकूंवर ठेवावी लागते. या संपूर्ण कामात सर्वांत धोक्याचा भाग हाच असून बहुधा तोच सर्वांत घाईने केला जातो. होडी ही कोळी कुटुंबाची कर्ती असते. तिचा तळ तडकला तर हंगाम वाया जातो आणि ती कलंडली तर खाली काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणूनच या कामाची रीत आम्ही येथे क्रमवार देत आहोत.

होडी ट्रॉलीवरून का उतरवावी?

ट्रॉलीवर ठेवूनच रंग मारता येत नाही काय, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर ट्रॉलीच्या रचनेत आहे. होडीचा तळ ट्रॉलीच्या दोन लांब फळ्यांवर किंवा रुळांवर टेकलेला असतो. या फळ्यांखाली झाकला गेलेला भाग कधीच नजरेस पडत नाही, आणि नेमका तोच भाग सर्वांत जास्त घासला जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून होडी नेताना तिचे सारे धक्के याच दोन पट्ट्यांवर बसतात. वरचा गुळगुळीत थर झिजला की खाऱ्या पाण्याला आतल्या फायबरपर्यंत वाट मिळते. तेथे बारीक फोड येतात, थर सुटू लागतात आणि वजन वाढते.

दुसरे कारण स्वतः ट्रॉलीच होय. होडी पाण्यात सोडताना ट्रॉलीची चाके खाऱ्या पाण्यात बुडतात. बेअरिंगमधील ग्रीस धुऊन जाते, आस गंजतो, पोलादी नळ्या आतून कुजतात. होडी वर असेपर्यंत ट्रॉलीची तपासणी नीट होत नाही. दोन्ही मोकळी झाली म्हणजे एकाच खेपेत दोघांची डागडुजी साधते.

पाण्याचा आधार आणि जमिनीचा आधार

पाण्यात होडीला सर्व बाजूंनी आधार असतो. बुडालेल्या तळाच्या प्रत्येक इंचावर पाण्याचा दाब वर ढकलत असतो. त्यामुळे कोणत्याही एका जागी फार भार पडत नाही. होडी बांधणारा कारागीर तळाची जाडी ठरवतो ती हाच हिशेब मनात धरून. जमिनीवर आल्यावर मात्र तेच वजन चार-पाच ठिकाणी एकवटते.

एक साधे गणित करून पाहू. होडीचे वजन एक टन, म्हणजे १,००० किलो धरू. ती चार ठोकळ्यांवर समान टेकली तर प्रत्येकावर २५० किलो भार येईल. ठोकळ्याचे तोंड १० सेंटिमीटर लांब व तेवढेच रुंद असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अडीच किलो दाब पडेल. त्याच ठोकळ्यावर ३० सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी ठेवली, तर हा दाब पाव किलोच्या आसपास येतो. ठोकळा तोच आणि होडीही तीच, परंतु एका फळीने दाब नऊ पटींनी उतरला. ठोकळ्याच्या खाली, मातीवर ठेवलेली फळीही हेच काम उलट दिशेने करते, म्हणजे ती टेकूला जमिनीत रुतू देत नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला असा की, होडीचे वजन तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याने आणि मागील भक्कम कोपऱ्यांनी पेलावे. बाजूचे टेकू केवळ तोल सांभाळण्यासाठी असतात. दुसरा असा की, नवा आधार पक्का बसल्याशिवाय जुना आधार काढू नये. पुढे दिलेली प्रत्येक पायरी या दोन नियमांवरच उभी आहे.

जागा आणि साहित्य

जागा सपाट आणि टणक असावी. पुळणीची वाळू वरून घट्ट दिसली तरी पहिल्या मोठ्या सरीत टेकूखालून वाहून जाते. भरतीच्या रेषेपासून, गटाराच्या उतारापासून आणि झावळ्या-नारळ पडतील अशा माडांपासून दूर राहावे. होडीच्या चहूबाजूंनी माणसाला चटकन बाजूला होता येईल इतकी मोकळी जागा ठेवावी.

साहित्य पुढीलप्रमाणे लागते:

- साधारण चार इंच जाडीचे, दोन ते अडीच फूट लांबीचे टणक लाकडाचे ओंडके, सुमारे तीस ते चाळीस.
- दोन इंच जाडीच्या फळ्या आणि वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी पाचरी.
- उचलायच्या वजनाच्या किमान दुप्पट क्षमतेचे दोन हायड्रॉलिक जॅक.
- चाकांना अडवण्यासाठी चार ठोकळे.
- बाजूच्या टेकूंसाठी पोलादी स्टँड किंवा भक्कम वासे, साखळी आणि दोरखंड.
- तळ व फळी यांच्यामध्ये घालण्यासाठी जुना गालिचा किंवा रबराचे तुकडे.

ओंडके एकावर एक रचताना एक थर उभा तर वरचा आडवा, अशी चौकट करावी. चौकटीची उंची तिच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा अधिक नसावी. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे या कामी मुळीच वापरू नयेत. लाकूड दबताना करकरते, म्हणजे सूचना देते. सिमेंटचा ठोकळा कोणतीही सूचना न देता एकदम फुटतो.

आधीची तयारी

होडी जितकी हलकी तितके काम सुरक्षित. जाळी, नांगर, बर्फाची पेटी, बॅटरी आणि इंधन खाली काढावे. मागे टांगलेले इंजिन असल्यास तेही उतरवावे. तळाची बूच काढून साचलेले पाणी वाहू द्यावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते स्थिर नसते. होडी तिरपी होताच ते एका बाजूला धावते.

ट्रॅक्टर सोडवण्यापूर्वी ट्रॉलीचा तोल पाहावा. ट्रॉलीच्या पुढच्या जोडदांड्यावर थोडा भार असलाच पाहिजे. होडीचे वजन आसाच्या मागे गेलेले असेल, तर दांडा सुटताक्षणी उसळून वर येतो आणि समोरच्या माणसाला गंभीर इजा करतो. म्हणून इंजिन आधी उतरवावे, नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी असलेला पट्टा आवळलेला ठेवावा आणि मगच दांडा मोकळा करावा. चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत.

हुकूम देणारा माणूस एकच असावा. त्याने ओझे उचलू नये, केवळ पाहावे आणि बोलावे. ‘थांब’ हा शब्द मात्र कोणीही उच्चारू शकतो, आणि तो ऐकताच सर्वांनी थांबावे.

उतरवण्याची क्रिया

ही पद्धत एका आसाच्या ट्रॉलीसाठी आहे. यात ट्रॉलीलाच तराजूच्या दांडीसारखे वापरले जाते. पुढचा दांडा खाली केला की मागचा भाग वर येतो, आणि दांडा वर केला की मागचा भाग खाली जातो.

१. दांडा सावकाश खाली आणावा. आसापासून दांड्याचे टोक चार मीटर आणि मागचे टोक दीड मीटर अंतरावर असेल, तर दांडा ४० सेंटिमीटर खाली आल्यावर मागील बाजू सुमारे १५ सेंटिमीटर वर येते.

२. होडीच्या मागील दोन्ही कोपऱ्यांखाली, ट्रॉलीच्या शेवटच्या आडव्या नळीच्या मागे, ओंडक्यांच्या दोन चौकटी रचाव्यात. वर फळी, त्यावर रबर किंवा गालिचा ठेवून पाचरींनी तळाशी घट्ट भिडवाव्यात. चौकटी एकमेकींपासून जितक्या दूर, तितका तोल चांगला.

३. आता दांड्याखाली जॅक लावून तो हळूहळू वर न्यावा. ट्रॉलीचा मागचा भाग खाली जाईल आणि होडीची मागील बाजू चौकटींवर टेकून राहील. दांडा समपातळीच्या वर बराच जाईपर्यंत उचलावा. प्रत्येक दोन-तीन इंचांनी थांबून चौकटी सरकत तर नाहीत ना, हे पाहावे. जॅकबरोबर दांड्याखाली ओंडकेही रचत जावे, म्हणजे जॅक निसटला तरी दांडा खाली कोसळणार नाही.

४. होडीच्या पुढच्या भागात, जेथे कणा सरळ होतो तेथे, ट्रॉलीच्या दोन आडव्या नळ्यांच्या मधल्या जागेत तिसरी चौकट रचावी आणि कण्याला भिडवावी. दोन्ही बाजूंना एकेक तात्पुरता टेकू उभा करावा.

५. नाळेचा पट्टा सोडावा. तो विसरला, तर पुढच्याच हालचालीत ट्रॉली होडीला खाली खेचते. नंतर दांड्याखालचे ओंडके एकेक काढत दांडा पुन्हा समपातळीत आणावा. पुढची बाजू तिसऱ्या चौकटीवर राहील. मागची बाजू आधीच उंच टेकलेली असल्यामुळे तेथेही ट्रॉली मोकळीच राहील. होडी आता मागे दोन आणि पुढे एक अशा तीन आधारांवर तिपाईसारखी उभी असते.

६. चाकांचे ठोकळे काढून ट्रॉली हाताने, वीतभर वीतभर पुढे घ्यावी. ट्रॅक्टरने ओढू नये, कारण चालकाला मागचे दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. आडवी नळी पुढच्या चौकटीला भिडण्यापूर्वी थांबावे. चाकांना पुन्हा ठोकळे लावावेत. त्या नळीच्या मागे, कण्याखाली, नवी चौकट रचून घट्ट करावी. मगच पुढची चौकट काढावी आणि ट्रॉली आणखी पुढे घ्यावी. प्रत्येक आडव्या नळीसाठी आणि शेवटी आसासाठी हीच क्रिया करावी. चाकांच्या वाटेत येणारा बाजूचा टेकू हलवताना एका वेळी एकच हलवावा, आणि दुसऱ्या बाजूचा जागेवर आहे याची खात्री करावी.

या संपूर्ण वेळात कोणीही होडीखाली जाऊ नये. ओंडके सारायचे असतील तर ते बाहेरून, लांब काठीने ढकलावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या ओझ्याखाली हात, डोके किंवा पाय नेणे म्हणजे एका रबरी वॉशरवर जीव टांगणे होय.

पक्के टेकू

ट्रॉली निघून गेली की कण्याखाली मधोमध आणखी एक-दोन चौकटी द्याव्यात. होडीत आतून आडव्या भिंती किंवा पट्ट्या असतात. टेकू शक्यतो त्यांच्या बरोबर खाली यावेत, कारण तेथे तळ सर्वांत भक्कम असतो. बसते इंजिन असल्यास त्याच्या जवळ एक आधार हवाच.

बाजूंना किमान दोन-दोन टेकू असावेत. समोरासमोरचे दोन टेकू होडीखालून साखळीने एकमेकांना बांधावेत, म्हणजे ते बाहेरच्या बाजूला सरकत नाहीत. प्रत्येक टेकूखाली रुंद फळी असावी. नाळेची बाजू मागच्यापेक्षा थोडी उंच ठेवावी, जेणेकरून आत पडणारे पाणी मागच्या छिद्रातून आपोआप निघून जाईल.

अन्य दोन मार्ग

क्रेन उपलब्ध असेल तर काम मिनिटांचे होते, पण त्याचेही गणित आहे. होडीखालून दोन रुंद पट्टे घालून ते एका हुकात अडकवले, की पट्टे जितके आडवे तितका त्यांवरचा ताण अधिक. एक टन वजनासाठी पट्टे जमिनीच्या पातळीशी ६० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येक बाजूवर सुमारे ५८० किलो ताण येतो. कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक बाजूवर पूर्ण एक टन ताण येतो. शिवाय असे पट्टे होडीच्या काठांना आत दाबतात. म्हणून पट्टे लांब घ्यावेत आणि वर आडवी पोलादी दांडी वापरावी. जेसीबीच्या बादलीला साखळी बांधून होडी उचलण्याची प्रथा काही ठिकाणी पडली आहे. बादलीचे दात माती खोदण्यासाठी असतात, आणि साखळी त्यांवरून घसरू शकते. ही प्रथा टाळलेली बरी.

दुसरा मार्ग आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे भरती-ओहोटीचा. खाडीच्या कडेला ओहोटीच्या वेळी ओंडके मांडून ठेवायचे, भरतीला होडी ट्रॉलीवरून तरंगवून त्यांवर आणायची आणि पाणी उतरताना तिला अलगद बसू द्यायचे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास मिळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. तासाभराच्या तपासणीला किंवा तळ घासण्याला हा मार्ग उत्तम. मात्र पुढची भरती आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून दीर्घ डागडुजीला तो उपयोगाचा नाही.

काम चालू असताना

ट्रॉलीच्या फळ्यांखाली झाकलेले पट्टे सर्वप्रथम तपासावेत. शंखशिंपल्यांचे थर ओले असतानाच खरवडून काढावेत. वाळल्यावर ते दगडासारखे चिकटतात. लाकडी हातोडीने तळ हलके ठोकत जावे. भक्कम जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. फायबर घासताना नाकावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ही धूळ फुप्फुसात जाते. होडी लाकडी असेल तर ती कडक उन्हात ठेवू नये. फळ्या सुकून आकसतात आणि सांधे उघडतात.

टेकूंखालच्या जागा रंगवताना एका वेळी एकच टेकू काढावा, शेजारी दुसरा लावून. होडीवर चढताना सर्वांनी एकाच बाजूने चढू नये. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पाचर हाताने हलवून पाहावी, आणि रात्री पाऊस झाला असेल तर जमीनही पाहावी. लहान मुले सावलीसाठी होडीखाली खेळायला जातात. भोवती दोर बांधून ती वाट बंद करणे हे घरातील मोठ्यांचे काम आहे.

शाकारणी आणि पाऊस

पावसाळ्यासाठी होडी शाकारताना ताडपत्रीचे दोर कधीही टेकूंना बांधू नयेत. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की ती टेकूच उपसून काढते. दोर होडीखालून घेऊन होडीलाच बांधावेत, अथवा स्वतंत्र खुंट्यांना.

तळाची बूच काढून ठेवावी, ती हरवू नये म्हणून सुकाणूच्या दांड्याला बांधावी, आणि छिद्रात पालापाचोळा अडकत नाही ना, हे अधूनमधून पाहावे. दहा चौरस मीटर उघड्या होडीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर पाणी साचते, म्हणजे एक टनाची होडी दोन टनांची होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. एका टनासाठी रचलेल्या चौकटींनी अशा दिवशी काय करावे?

होडी परत ट्रॉलीवर घेताना

परतीची क्रिया याच पायऱ्यांनी, उलट क्रमाने करावी. त्याआधी ट्रॉलीची बेअरिंग, टायर, फळ्या आणि नट-बोल्ट पाहून घ्यावेत. बूच बसवली की नाही, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे. हंगामाच्या पहिल्या दिवशी बूच नसलेली होडी पाण्यात जाणे ही थट्टेची गोष्ट वाटते, परंतु तिची किंमत इंजिनाला मोजावी लागते.

या कामाला लागणारे ओंडके, साखळ्या आणि जॅक प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे विकत घेणे परवडत नाही, म्हणून हाताला लागेल त्या विटा-दगडांवर होड्या टेकवल्या जातात. प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने असा एक संच घेऊन पाळीपाळीने वापरायला दिला, तर खर्च थोडा येईल आणि धोका पुष्कळ टळेल. संच आला की त्याबरोबर चार जाणती माणसेही येतात आणि तरुण मुले ती रीत पाहून शिकतात. येत्या बंदीच्या काळापूर्वी आपापल्या गावातील संस्थांनी या सूचनेचा विचार करावा, अशी आम्ही विनंती करतो.